शेजारच्या सीटवरचे सर

सव्वीस वर्षं हा माणूस रोज गाडीत बसत आला, पण चुकीच्या सीटवर. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, घाम दुसऱ्याच्या कपाळावर, आणि याच्या वाट्याला पायाशी दोन जादा पेडल, एक ब्रेकचं आणि एक क्लचचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ती शिकवणाऱ्यासाठी मुद्दाम बसवलेली असतात. शिकाऊ माणूस बावचळला की शिकवणाऱ्याने ती दाबायची आणि दोघांचे, शिवाय रस्त्यावरच्या बिचाऱ्यांचे, प्राण वाचवायचे. असे किती प्राण वाचले याची नोंद कुठेच नाही. वाचलेल्यांना तर पत्ताच नसतो.

अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणत. आपणही सरच म्हणू. घरी बायको तेवढी 'अहो' म्हणायची, तेही आवाज न चढवता. तिलाही गाडी शिकवायचा प्रयत्न सरांनी एकदा केला होता. तो प्रयत्न एका चौकात सुरू झाला आणि त्याच चौकात संपला. पुढे घरात तो विषय निघाला नाही.

सव्वीस वर्षं पाय तयारीत ठेवून बसल्यावर ते काही संध्याकाळी सहाला सुट्टी घेत नाहीत. जेवताना बायकोने वाटी जरा झपकन सरकवली की टेबलाखाली सरांचा उजवा पाय जमिनीत रुतायचा. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा गळ्याकडे आला की पायाखालची पट्टी करकरायची. एखाद्याच्या पायाला भिंगरी असते म्हणतात, पण तो निदान चार मुलुख बघून येतो. सरांचे पाय दिवसभर चालायचे आणि सर मात्र त्याच आठ रस्त्यांवर, ताशी तीसच्या वेगाने.

त्यांची आणखी एक खोड होती. ते माणसांचे चेहरे बघत नसत, चाकं बघत. दवाखान्याजवळच्या गोल चौकात दर बुधवारी अकराच्या सुमारास एक पांढरी व्हॅन यायची. ती दिसली की सर शिकाऊ माणसाला गाडी कडेला घ्यायला लावायचे. "बघा, इंडिकेटर कधी दिला ते बघा. चाक कुठे वळवलं ते बघा. कुठे घाई आहे का? ज्याने या माणसाला शिकवलंय ना, त्याचे पाय धरायला हवेत." सरांच्या तोंडून एवढं कौतुक कुणाचं निघत नसे. पोरं मुकाट्याने व्हॅनकडे बघायची आणि मनात म्हणायची, आता आपल्याला शिव्या.

अशा माणसाने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी जमिनीला चिकटलेली, दोन सीटांची, इंजिन पाठीमागे असलेली जुनी शर्यतीची गाडी घेतली. पैसे कुठून आणले ते विचारू नका, त्यांच्या बायकोनेही विचारलं नाही. शाळेच्या दोन गाड्या होत्या, त्यांची एक झाली, एवढं सगळ्यांना दिसलं.

ती गाडी त्यांना पहिल्यांदा सिग्नलला दिसली होती. गर्द हिरवी, त्यांच्या खिडकीच्या पार खाली. आधी इंजिनाची गुरगुर सरांना सीटमधून जाणवली आणि मग त्यांनी खाली वाकून पाहिलं. दिवा हिरवा झाला, गाडी निघून गेली. इकडे शिकाऊ मुलीने क्लच धाडकन सोडून गाडी बंद पाडली आणि सर रागवायचं विसरले. मुलगी घाबरली. तिला वाटलं, सरांना बरं वाटत नसावं.

गाडीचा मालक फरश्यांचा व्यापारी होता. वय झालेलं आणि दोन्ही गुडघे गेलेले. "आत बसता येतं हो मला," तो सरांना म्हणाला, "बाहेर काढायला दोन माणसं लागतात. परवा पेट्रोल पंपावर तिसरा मदतीला आला, तेव्हाच ठरवलं, पुरे." सरांनी गाडीखाली झोपून पाहिलं, पत्र्यावर बोट फिरवलं, इंजिनाच्या खणात नाक घातलं. शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. शेजारची सीट रिकामी होती. तिथे कुणी थरथरत नव्हतं, कुणी आरशाऐवजी सरांच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी भाव कमी करा म्हणायचंही टाळलं.

गाडी घरी आली तेव्हा बायको दारात उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, भिंगं घासून चौकटीत बसवायची. नजर बारीक आणि हात स्थिर. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"किती जण बसतात?"

"दोन."

"बरं झालं," ती म्हणाली आणि दाराच्या मुठीला हात लावला.

"आज नको," सर म्हणाले. "आधी माझा हात बसू दे."

हात बसायला किती दिवस लागतात हे सरांना माहीत होतं. ते सगळ्यांना एकवीस दिवस सांगायचे. एकवीस दिवस झाले, मग एकवीस आठवडे झाले. रविवारी सकाळी सहाला सर एकटे गाडी काढायचे, शहराबाहेरच्या रिकाम्या हमरस्त्यावर जायचे आणि आठला परत यायचे. खरं कारण त्यांनी एकदा सांगूनही टाकलं. "मला शेजारी कुणी नकोय गं. सव्वीस वर्षं शेजारी कुणी ना कुणी आहेच." बायकोने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. वाटीसारखा सरकवला नाही, नुसता ठेवला. त्यानंतर तिने दाराच्या मुठीला हात लावला नाही.

आता अशी गाडी घेणं सोपं आणि ठेवणं महाकठीण, हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सोळा किलोमीटरवर त्यांचं गॅरेज होतं. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून आतलं ऐकायचं, म्हणून हे नाव. असल्या गाड्यांना हात लावणारा शहरात तेवढा एकच माणूस होता.

"सर, ही गाडी चालवली तर झिजते आणि नाही चालवली तर सडते," डॉक्टर म्हणाले. "टायमिंग बेल्ट धावला नाही तरी ठरल्या वर्षी बदलायचा. त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवायचं. रबराच्या नळ्या बसल्या जागी तडकतात. बॅटरी पंधरा दिवसांत मान टाकते. जमेल?"

"जमेल," सर म्हणाले. लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी इतक्या पटकन होकार दिला नव्हता.

आणि त्यांनी जमवलंही. डॅशबोर्डवरची बटणं जुनी होऊन चिकट झाली होती, काकवी सांडल्यासारखी. सरांनी एकेक बटण काढून, पुसून, घासून परत बसवलं. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासू नये म्हणून तिरपी, एकेक चाक चढवत न्यायची कला ते शिकले. घरापासून हमरस्त्यापर्यंतचे अकरा गतिरोधक त्यांना पाठ झाले. टायरची हवा ते आठवड्यातून दोनदा बघत. हात असे गुंतलेले असत आणि तरी मन थाऱ्यावर नसे. शिकवताना घड्याळाकडे लक्ष, घरी आले की गाडीकडे लक्ष, गाडीत बसले की कुठला आवाज येतोय तिकडे लक्ष. बायको म्हणाली, "आधी तुमचे पायच अस्वस्थ होते. आता वरचंही सगळं झालं."

पहिल्या वर्षाच्या आतच क्लच जळला. चढावर गाडीने ओढणं सोडलं, इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि करपलेला वास आत भरला. सरांना तो वास ओळखीचा होता, सव्वीस वर्षं ते त्याच वासात पोट भरत आलेले. "व्यापाऱ्याने वाट लावलेली दिसते," ते म्हणाले. डॉक्टरांनी जळकी प्लेट उलटून पाहिली. त्यांनी समुद्रापलीकडून नवी क्लच प्लेट मागवली. ती यायला चार महिने लागले. सर त्या चार महिन्यांत किती वेळा गॅरेजला जाऊन आले, ते रिक्षावाल्यांना विचारा.

नवी प्लेट आठ महिन्यांत जळली.

आता व्यापाऱ्यावर ढकलता येईना, तेव्हा सर डॉक्टरांवर घसरले. "बसवण्यातच चूक झालीय तुमची. नवी प्लेट अशी जळतेच कशी? मी रोज दहा लोकांना क्लच शिकवतो, मला सांगू नका."

डॉक्टरांनी हात पुसले. "सर, आणखी एकच प्लेट मिळतेय. त्या गोदामातली शेवटची. कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय. ही गेली की गाडी हारफुलं घालून पुजायला ठेवा, चालायची नाही. बसवतो. पण बसवल्यावर मी तुमच्याबरोबर एक फेरी मारणार."

प्लेट आली, बसली. शेजारी कुणी नको म्हणणाऱ्या सरांच्या शेजारी डॉक्टर बसले. हमरस्त्यावर सर पाचव्या गिअरमध्ये सुरेख चालवत होते. दहा किलोमीटर झाले, डॉक्टर गप्प. वीस झाले, तरी गप्प.

मग ते म्हणाले, "सर, तुमचा डावा पाय कुठे आहे?"

सरांनी खाली पाहिलं. डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. दाबलेला नाही, उचललेला नाही, नुसता टेकलेला. शिकाऊ माणूस कधी चुकेल सांगता येत नाही म्हणून इतकी वर्षं असायचा तसा, तयारीत. तेवढ्या भाराने प्लेट अर्धवट सुटते, घसरत राहते आणि मुकाट्याने जळते. हे सरांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

"'क्लच म्हणजे पाय ठेवायचा पाट नव्हे,'" डॉक्टर म्हणाले. "माझ्या मुलीला तुम्हीच शिकवलंत. घरी येऊन तुमच्या आवाजात म्हणून दाखवायची."

सरांनी पाय काढला. कान तापले होते. परत येताना त्यांनी दोनदा खाली पाहिलं आणि दोन्ही वेळा पाय तिथेच सापडला. त्याला तिथे कुणी नेलं, त्यांना कळलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने सरांनी स्वतःच्या पायाशी जी झुंज दिली, ती बघण्यासारखी होती. डावा बूट काढून चालवून पाहिलं. बुटात खडा घातला. पेडलवर उलट्या टोकाचे खिळे असलेली फळी बांधावी असंही मनात आलं, पण क्लच दाबावाही लागतो हे ऐन वेळी आठवलं. स्वतःशी मोठ्याने बोलून पाहिलं, "पाय काढा. पाय काढा म्हणतो ना." ओरडा खाल्ल्यावर माणूस काय शिकतो हे त्या रविवारांत त्यांना थोडंसं कळलं असावं. रस्ता बघितला की पाय विसरायचा आणि पाय बघितला की रस्ता.

शेवटी भीतीने त्यांनी गाडी काढणंच बंद केलं. ती छपराखाली उभी राहिली, खाली तेलाचा एक थेंब पडला, मग दुसरा. सर घरात येरझाऱ्या घालायचे. शिकाऊ लोकांवर खेकसायचे, मग त्यांनाच सॉरी म्हणायचे. आपल्या हयातीत एक वस्तू हौसेने घेतली आणि आपणच तिला मारतोय, हे त्यांना सहन होत नव्हतं. एका बुधवारी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. "गिऱ्हाईक बघा. ज्याचे पाय चांगले आहेत असं."

गिऱ्हाईक तीन दिवसांत मिळालं. रविवारी दुपारी ते गॅरेजवर गाडी बघायला येणार होतं. सकाळी गाडी तिथे पोचवायची होती. सोळा किलोमीटर, त्यातले आठ शहराच्या गर्दीतले. गर्दीत सरांचा पाय काय करेल, ते सरांनाच ठाऊक होतं. ते किल्ली हातात घेऊन अर्धा तास बसून राहिले.

"मी नेते," बायको म्हणाली.

"काय?"

तिने पर्समधून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. कोपरे झिजलेलं. अकरा वर्षांपूर्वीचं.

"समोरच्या शाळेत शिकले," ती म्हणाली.

समोरची शाळा म्हणजे रस्त्यापलीकडची. ती चालवणाऱ्या बाईंना सर गप्पाबाई म्हणत. "शिकवते कसली, गप्पा मारते," हे त्यांचं मत सगळ्या शहराला माहीत होतं.

"तिच्याकडे?"

"हो. गप्पा मारत मारत शिकवलं. एकदाही उतर म्हणाल्या नाहीत."

सर लायसन्सकडे बघत राहिले. "मग चालवलंस कधी?"

"दर बुधवारी. दुकानाच्या चौकटी दुसऱ्या शाखेत पोचवायच्या असतात. पांढरी व्हॅन आहे दुकानाची." तिने पर्स बंद केली. "दवाखान्याच्या चौकातून जाते. तुम्ही पोरांना घेऊन कडेला उभे असता. मी बघते."

 ज्याने या माणसाला शिकवलंय त्याचे पाय धरायला हवेत, असं आपण किती बुधवार म्हणत आलो, याचा हिशेब सरांच्या डोक्यात चालला असावा. त्यांनी किल्ली पुढे केली.

तिने सीट पुढे घेतली, आरसे लावले. खालच्या सीटमध्ये ती अशी बसली, जणू रोज बसत होती. पहिला गिअर टाकून क्लच इतका अलगद सोडला की गाडी निघाली हे सरांना घर मागे गेल्यावर कळलं. त्यांची नजर आपोआप तिच्या पायाकडे गेली. गिअर बदलला की डावा पाय क्लचवरून निघून बाजूच्या जमिनीवर जाऊन पडायचा, भिंग ठेवावं तसा स्वस्थ.

एवढं दिसत होतं, तरी सरांचे पाय ऐकेनात. सायकलवाला आला, उजवा पाय दाबला गेला. बस थांबली, दोन्ही दाबले गेले. या बाजूला पेडल नव्हतीच, नुसतं गालिचाचं कापड होतं, त्यावर त्यांच्या टाचा धप्प धप्प आपटत होत्या. "हळू," ते म्हणाले. "आरसा." मग "अगं, दुसरा टाक." मंडईच्या चौकात पुढची गाडी थांबली तेव्हा त्यांनी एवढ्या जोराने पाय रोवला की पूर्ण सीट हलली आणि ते ओरडले, "ब्रेक!"

बायकोने चौक ओलांडला, इंडिकेटर दिला आणि गाडी व्यवस्थित कडेला घेतली.

"उतरा," ती म्हणाली.

सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने आवाज चढवला नव्हता.

"उतरा ना."

ते उतरले. असल्या गाडीतून उतरणं म्हणजे आधी पाय, मग गुडघे, मग उरलेला माणूस. ते उभे राहीपर्यंत गाडी निघून गेली होती.

सर पदपथावर उभे राहिले. समोर फळवाला, मागे औषधाचं दुकान. आणि मग त्यांना तो चौक आठवला. हाच होता. एकोणीस वर्षांपूर्वी तिने इथे तीनदा गाडी बंद पाडली होती, मागून हॉर्न वाजत होते आणि त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून म्हटलं होतं, "उतर." पुढच्या शिकाऊला वेळ दिली होती. ते निघून गेले होते, आरशातही पाहिलं नव्हतं. ती पिशवी घेऊन चालत घरी गेली होती. त्या दिवशी तिला कसं वाटलं असेल, हे त्यांनी एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारायची गरज उरली नव्हती. फळवाला त्यांच्याकडे बघत होता, आणि सरांना लाज वाटली.

तेवढ्यात दुरून तीच गुरगुर आली. सरांनी आपली गाडी बाहेरून चालताना कधीच ऐकली नव्हती. दुसऱ्याच्या हातात असताना सिग्नलला ऐकली होती, तेवढीच. रस्त्याच्या शेवटी वळणावर हिरवा ठिपका दिसला. गिअर बदलल्याचा आवाज आला, कुठेही न अडखळता. सरांनी खिशातून फोन काढला.

"डॉक्टर, त्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगा."

"अहो, दुपारी येतोय तो. मग गाडी चालवणार कोण?"

सर हिरव्या ठिपक्याकडे बघत होते. तो मोठा होत होता. "आहे एक जण," ते म्हणाले.

ती थांबेल की पुढे निघून जाईल, हे त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. गाडी बरोबर त्यांच्यासमोर थांबली. सर वाकून आत बसले.

"मी तेव्हा तुला इथे उतरवायला नको होतं," ते म्हणाले.

बायकोने आरशात पाहिलं, मग बाहेर पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बेल्ट लावा," ती म्हणाली.

त्यांनी बेल्ट लावला. गॅरेजपर्यंत अकरा किलोमीटर उरले होते. तेवढ्या अंतरात सरांच्या पायाने तीनदा नसलेला ब्रेक दाबला. तिने ते मोजलं, पण उतरवलं नाही.